वांझ ठरवण्याआधी

रिद्धपूर म्हटले की गोविंदप्रभू आठवतात, तेराव्या शतकात इथे सिद्ध झालेले महानुभावांचे मराठी गद्य आठवते, आणि आता इथेच सुरू झालेले मराठी भाषा विद्यापीठ. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा मोर्शी तालुक्यातला संत्रा, कपाशी आणि तुरीचा मुलूख आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, एका अंगाला वर्धेचे खोरे, दुसऱ्या अंगाला पूर्णेचे. या पट्ट्यात शेतीच्या जोडीला एक-दोन म्हशी पाळणारी घरे गावोगाव आहेत. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, संत्र्याचा बहारावर येतो, दुधाचा मात्र दर आठवड्याला हातात पडतो. म्हणून ‘म्हैस फळत नाही’ हे वाक्य अशा घरात आजाराइतक्याच काळजीने उच्चारले जाते.

या वाक्याचा शेवट बहुतेक वेळा गुरांच्या बाजारात होतो. दोन-तीनदा भरवूनही गाभ राहिला नाही किंवा वर्ष उलटले तरी माज दिसला नाही, की म्हशीवर वांझपणाचा शिक्का बसतो आणि ती मिळेल त्या भावात जाते. प्रत्यक्षात कायमची वांझ म्हैस विरळ असते. जन्मतः जननेंद्रियांची वाढ अपुरी राहिलेली, किंवा जुन्या संसर्गाने बीजवाहिन्या बंद पडलेली म्हैस औषधाने सुधारत नाही. पण अशा म्हशी थोड्या. बाकीच्यांचे अडलेले असते ते ऊन, वैरण, हुकलेला माज किंवा बिघडलेले बाळंतपण यांपैकी कशात तरी. ही चारही कारणे ओळखता येतात आणि बहुतेकदा दूरही करता येतात. या प्रकरणात त्यांचाच क्रमाने विचार करू.

दिवसांचा हिशोब

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते, म्हैस सुमारे ३१०. व्याल्यानंतर गर्भाशय मूळ आकाराला यायला ३० ते ४५ दिवस लागतात. साठ दिवसांनंतर आलेल्या माजावर भरवावे आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या आत गाभ राहावा, म्हणजे दोन वेतांतले अंतर १३ ते १४ महिने राहते. चांगल्या सांभाळलेल्या म्हशीकडून एवढीच अपेक्षा धरावी. गावोगावच्या कोठ्यांत मात्र हे अंतर दीड वर्षावर गेलेले सर्रास दिसते.

म्हशीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. असे चार माज हुकले तर जवळजवळ तीन महिने म्हैस दूध न देता वैरण खाते, आणि तितकेच पुढचे वेत लांबते. हा तोटा एका दिवशी खिशातून जात नाही, म्हणून तो जाणवत नाही. ज्या घरी व्याल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते, तिथे तो वेळेत लक्षात येतो.

म्हशीच्या शरीराची घडणही या हिशोबाला थोडी अवघड करते. वगारीच्या दोन्ही बीजांडकोषांत मिळून प्राथमिक स्त्रीबीजांचा साठा साधारण दहा ते वीस हजारांचा आढळतो; गायीत तो लाखाच्या वर असतो. स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारा पीतपिंडही म्हशीत लहान असतो आणि बीजांडकोषात खोल रुतलेला असतो. त्यामुळे गुदमार्गे तपासताना अनुभवी हातालाही तो सहज लागत नाही. गायीवर शिकलेले सगळे ठोकताळे म्हशीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्यामागे हे एक कारण आहे.

म्हशीचे वर्ष पावसाळ्यानंतर सुरू होते

म्हैस वर्षभर माजावर येऊ शकते, पण तिचा कल लहान होत जाणाऱ्या दिवसांकडे असतो. रिद्धपूरच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा. रात्र वाढू लागली की मेंदूतल्या ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवते आणि म्हशीत प्रजननाची साखळी जोमाने चालू होते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत म्हशी जास्त माजावर येतात आणि जास्त फळतात. त्यांची बाळंतपणे मग पुढच्या पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत होतात, नेमकी हिरवा चारा असताना.

मार्च ते जून हा काळ याच्या उलट. विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फार कमी. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिला पाणी आणि चिखल लागतो. तो मिळाला नाही तर ती खाणे कमी करते, धापा टाकते, आणि शरीर प्रजननाचे काम सगळ्यात आधी थांबवते. उन्हाळ्यात रक्तातले प्रोलॅक्टिन वाढते, बीजांडकोषाला चालना देणारी संप्रेरके मंदावतात. काही म्हशींत माज येतच नाही. काहींत येतो, पण दिसत नाही. एखादी भरली तरी पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णतेने टिकत नाही.

संत्रा बागायतदाराला बागेला ताण देणे चांगले कळते. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडले की झाड मृगात फुलते. म्हशीला मात्र ताण कधीच मानवत नाही. उन्हाळ्यात सोसलेल्या ताणाची भरपाई तिला हिवाळ्यापर्यंत करावी लागते. या भागात बागांसाठी भूजलाचा उपसा मोठा आहे, आणि मे महिन्यात विहीर-बोअरचे पाणी वाटताना म्हशीचा क्रम शेवटी लागतो. तिला पिण्यासाठी रोज साठ ते ऐंशी लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त पाणी लागते. सकाळी १० ते दुपारी ४ दाट सावली, छपरावर कडबा किंवा पऱ्हाट्यांचा थर, दिवसातून तीन-चारदा अंगावर पाणी, शक्य तिथे डुंबायला डोह किंवा हौद, आणि वैरणीचा मोठा हिस्सा पहाटे व रात्री. एवढे केले तर उन्हाळ्यातही माज टिकून राहण्याची शक्यता वाढते. कडुनिंबाच्या दाट सावलीची बरोबरी उघडा टिनाचा पत्रा करू शकत नाही.

मुका माज

‘म्हैस माजावरच येत नाही’ अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे आणलेल्या म्हशींपैकी बऱ्याच जणींचे बीजांडकोष चालू स्थितीत सापडतात. त्या २१ दिवसांनी माजावर येत असतात, फक्त ओरडत नाहीत. यालाच मुका माज म्हणतात, आणि म्हशींच्या वंध्यत्वात त्याचा वाटा मोठा आहे.

गाय माजावर आली की दुसऱ्या गायींवर चढते, हंबरते, दावे तोडते. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. त्यांच्या खुणा शांत असतात: वरचेवर थोडी थोडी लघवी करणे, दूध चोरणे किंवा एकाएकी कमी देणे, सड भरल्यासारखे दिसणे, शेपटी किंचित उचलून धरणे, योनीची सूज, खाण्यात लक्ष नसणे. माजाचा सोट गायीसारखा लोंबत राहत नाही. तो आत साचतो आणि म्हैस बसली की बाहेर येतो. म्हणून सगळ्यात चांगली वेळ पहाटेची. म्हैस बसलेली असताना तिच्या मागची जमीन पाहावी. स्वच्छ, पारदर्शक, चिकट सोट दिसला तर माज आहे. माज बहुधा संध्याकाळ ते सकाळ या वेळात सुरू होतो, आणि दिवसभर शेतात असलेल्या माणसाच्या नजरेतून तो निसटतो. पहाटे एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, पंधरा-पंधरा मिनिटे केवळ पाहण्यासाठी काढली तर निम्मी लढाई जिंकली जाते.

पूर्वी गावच्या कळपात रेडा फिरत असे आणि हे काम तोच करी. आता घरोघरी एक-दोन म्हशी बांधून असतात आणि रेडा दूर असतो. जिथे म्हशी जास्त आहेत तिथे नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवला तर मुके माज सापडतात. त्याच्यापासून गाभ राहत नाही, पण माजावरची म्हैस तो बरोबर ओळखतो.

मुक्या माजाची म्हैस आणि बीजांडकोष खरोखरच थंड पडलेली म्हैस बाहेरून सारखीच दिसते. फरक कळतो तो तपासणीत. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासल्यावर एकदाही पीतपिंड सापडला नाही आणि बीजांडकोष गुळगुळीत, लहान लागले, तर माज खरेच बंद आहे. पीतपिंड सापडला तर चक्र चालू आहे आणि प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने तीन-पाच दिवसांत माज आणता येतो. हेच इंजेक्शन गाभण म्हशीला दिले तर गर्भ पडतो. त्यामुळे तपासणीशिवाय, कुणाच्या सांगण्यावरून ते टोचून घेणे धोक्याचे आहे.

रिकामे पोट, रिकामा बीजांडकोष

बीजांडकोष थंड पडण्यामागे बहुतेक वेळा आहार असतो. वऱ्हाडात ज्वारीचा पेरा घटला तसा कडबाही घटला. त्याची जागा सोयाबीन आणि तुरीच्या कुटाराने घेतली. नुसत्या कुटारावर पोट भरते, पण फॉस्फरस, तांबे, जस्त आणि ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते कॅरोटीन त्यातून पुरेसे मिळत नाही. व्याल्यानंतर दूध जोरात असताना म्हैस स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून दूध देते. कमरेची हाडे वर आलेल्या, फासळ्या दिसणाऱ्या म्हशीचे शरीर दुसऱ्या गाभाला तयार होत नाही.

चारशे किलोच्या म्हशीला रोज साधारण १० ते १२ किलो शुष्क पदार्थ लागतात. त्यात निदान काही हिरवा चारा हवा. नेपिअर, लसूणघास, चवळी, मका यांपैकी पाण्याप्रमाणे जे जमेल ते. सरकी ढेप वऱ्हाडाची हक्काची पेंड आहे आणि दुधाला चांगली आहे, पण ती एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला धान्याची चुणी-भरड आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हवे. खनिज मिश्रण चार दिवस देऊन बंद करण्यात अर्थ नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. पोटातले जंत काढणेही याच यादीत येते.

वगारीच्या बाबतीत तर वयापेक्षा वजन महत्त्वाचे. साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलो वजन झाल्यावर तिला भरवावे. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक, दहा-पंधरा दिवसांनी जंताचे औषध आणि पहिल्या वर्षी पुरेसे दूध-चारा मिळालेली वगार साडेतीन वर्षांच्या सुमारास पहिल्यांदा विते. उपाशी वाढलेलीला साडेचार-पाच वर्षे लागतात. ‘वगार माजावर येत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा तिच्या पहिल्या सहा महिन्यांत असते.

उलटणारी म्हैस

माज नियमित येतो, सोट स्वच्छ असतो, तपासणीत काही सापडत नाही, तरी तीन किंवा अधिक वेळा भरवूनही म्हैस उलटते. इथे पहिला संशय वेळेवर घ्यावा. म्हशीचा माज १२ ते २४ तास टिकतो आणि स्त्रीबीज माज संपल्यावर सुमारे १० ते १४ तासांनी सुटते. माज दिसल्याबरोबर घाईने रेतन केले तर शुक्रजंतू वाट पाहून थकतात; फार उशीर झाला तर स्त्रीबीज थकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे आणि त्यानंतरही माज चालू असेल तर बारा तासांनी पुन्हा भरवावे.

दुसरा संशय रेतमात्रेवर. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. नायट्रोजन कमी पडला, मात्रा बाहेर काढून मोटारसायकलवर उन्हात नेली, किंवा ३७ अंशांच्या कोमट पाण्याऐवजी हाताने चोळून वितळवली, तर आतले शुक्रजंतू मरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रेतन करताना थर्मामीटर आणि कोमट पाणी वापरले जाते का, हे पशुपालकाने पाहावे, विचारावे. तो त्याचा हक्क आहे.

तिसरे कारण गर्भाशयाचा सौम्य दाह. माजाच्या वेळी सोट गढूळ असेल, त्यात पांढरे कण किंवा पू असेल, तर त्या माजावर भरवू नये. आधी उपचार, मग पुढच्या स्वच्छ माजावर रेतन. गावात एकच रेडा सगळ्या म्हशींना लावला जात असेल तर एकीचा संसर्ग दुसरीला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

ऋतू, आहार आणि संसर्ग यांची घडी बसल्यावर संप्रेरकांच्या ठरावीक कार्यक्रमाचा उपयोग होतो. त्यात ठरलेल्या दिवशी इंजेक्शने देऊन माज न पाहताच ठरलेल्या वेळी रेतन करता येते. उन्हाळ्यात माज बंद असलेल्या म्हशींत प्रोजेस्टेरॉन सोडणारे साधन काही दिवस योनीत ठेवण्याची पद्धत अधिक फळते. मात्र हाडे निघालेल्या म्हशीवर असे उपचार करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

बाळंतपणात पेरलेले वंध्यत्व

पुढच्या वर्षीचे वंध्यत्व पुष्कळदा या वर्षीच्या बाळंतपणात सुरू होते. म्हशीच्या अडलेल्या बाळंतपणात गर्भाशयाला पीळ पडणे हे फार मोठे कारण आहे. दिवस भरले आहेत, म्हैस अस्वस्थ आहे, उठते-बसते, कळा देते, पण पाणमोट दिसत नाही. अशा वेळी हात घालून ओढाताण करू नये. पशुवैद्य म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून, पिळाच्या दिशेने लोळवतात आणि पीळ सुटतो. जितका उशीर, तितके गर्भाशय सुजते, पारडू मरते आणि म्हशीचाही जीव धोक्यात येतो. कळा सुरू होऊन दोन-तीन तासांत प्रगती दिसली नाही तर डॉक्टरांना बोलवावे.

वार साधारण आठ ते बारा तासांत पडते. ती अडकली तर तिला दगड बांधणे किंवा ओढून काढणे टाळावे. तुकडे आत राहतात आणि गर्भाशय सडते. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत मायांग बाहेर येत असेल तर म्हशीला मागची बाजू उंच राहील अशा उतारावर बांधावे, बाहेर आलेला भाग स्वच्छ थंड पाण्याने धुवावा, त्यावर कुत्री-कावळे बसू देऊ नयेत आणि डॉक्टर येईपर्यंत ओल्या स्वच्छ फडक्याने झाकून ठेवावा. पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचण्याची सवयही सोडावी. पारडू जगवले तर त्या इंजेक्शनची गरज सहसा पडत नाही.

गाभ टाकणारा रोग

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकला गेला तर ब्रुसेलोसिसचा संशय धरावा. तो माणसालाही होतो. वारंवार ताप, सांधेदुखी, थकवा महिनोन्‌महिने राहतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नयेत. हातमोजे घालून दोन्ही चुन्यासह खोल पुरावीत, जागा जंतुनाशकाने धुवावी, म्हशीचे रक्त तपासून घ्यावे आणि दूध उकळूनच वापरावे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना या रोगाची लस दिली जाते. तीही आयुष्यात एकदाच. वगार आठ महिन्यांची व्हायच्या आत ही संधी साधली पाहिजे.

आपल्या म्हशी

वऱ्हाडाकडे स्वतःच्या दोन जाती आहेत. नागपुरी म्हैस, जिला एलिचपुरी किंवा वऱ्हाडी असेही म्हणतात, काळी, लांब तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांची, विदर्भाच्या उन्हात तगणारी. आणि पूर्णाथडी, पूर्णेच्या काठची फिक्या, भुऱ्या रंगाची मध्यम म्हैस, जिला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. मुऱ्हाएवढे दूध त्या देत नाहीत. पण या हवेत, या कुटारावर, कमी खर्चात जगण्याची आणि विण्याची ताकद त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. वांझ ठरवून बाजारात गेलेल्या प्रत्येक देशी म्हशीबरोबर तिच्या पुढच्या वगारीही जातात, आणि जातीचा पाया तेवढा अरुंद होतो.

मदत जवळ आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, अवघड प्रकरणांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने १९९० मध्येच प्रयोगशाळेत फलन केलेले म्हशीचे पारडू जन्माला घातले. रिद्धपूरच्या कोठ्याला मात्र आधी एक वही हवी. तिच्यात प्रत्येक म्हशीची व्याल्याची तारीख, प्रत्येक माजाची तारीख, रेतनाची तारीख आणि वेळ, वार किती तासांत पडली, सोट कसा होता, हे लिहिलेले असावे. भरवल्यानंतर दोन महिन्यांनी गाभ तपासून घ्यावा. व्याल्यानंतर नव्वद दिवस माज दिसला नाही तर वाट पाहू नये, तपासावे. ही वही घेऊन गेलेल्या पशुपालकाला डॉक्टर अर्ध्या वेळात नेमके उत्तर देऊ शकतात.

दोन तपासण्या, तीन महिने पोटभर आहार आणि खनिजे, एक सावलीचा उन्हाळा आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात वेळेवर केलेले रेतन, एवढी संधी दिल्याशिवाय कोणतीही म्हैस वांझ म्हणून विकू नये. एवढे करूनही जी फळणार नाही ती थोडी असेल. बाकीच्या पुढच्या पावसाळ्यानंतर कोठ्यातच वितील.